आधी माफी, मग बातमी

४ मार्च

चिंगे,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरच्या अक्षरावरूनच ओळखलं, अजून ओळ तशीच वर चढत जाते तुझी. बाबांनी विचारलं, कुणाचं? म्हटलं, विजेचं बिल. उगाच त्यांना आशेला कशाला लावायचं. दीड वर्ष तुझा आवाज नाही या घरात, आणि आलं ते काय, तर "ताई, ऑफिसात इंग्रजीत निरोप कसे लिहायचे ते सांगशील का?" बाबांची चौकशी शेवटच्या ओळीत, तीही समासात कोंबलेली.

मी रागावले नाही. राग यायला वेळ लागतो, आणि माझा दिवस बाबांना कूस बदलून देण्यात जातो.

चार पानांतून मी जे गाळून काढलं ते असं. तुमच्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात आतापर्यंत ट्रेमध्ये चिठ्ठी टाकायची पद्धत होती. ती बंद झाली, नवं सॉफ्टवेअर आलं. आता प्रत्येक ट्रेला नंबर, नंबराखाली निरोप लिहायचा, तो सगळ्यांना दिसतो आणि कधी पुसला जात नाही. लिहायचा इंग्रजीत, कारण मॅनेजर बाई दुसऱ्या शहरात बसतात आणि त्यांना आपली भाषा येत नाही. बाईंनी तुला कधी पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी तू म्हणजे तुझे निरोप. तुझी नोकरी सहा महिने कच्ची, मेअखेर बाई ठरवणार, ठेवायची की घरी पाठवायची. दुकानांच्या काउंटरवर उभं राहून राहून आता कुठे हाताला धड काम मिळालंय, ते जाऊ द्यायचं नाही. बरोबर?

मग योग्य ठिकाणी आलीस. बाबांची उजवी बाजू जाईपर्यंत मी कंपनीचा सगळा पत्रव्यवहार सांभाळत होते. माझ्या पत्रातली एक ओळ कधी परत आली नाही. नंतर काय ठरलं होतं ते तुला आठवत असेल. एक वर्ष मी, एक वर्ष तू. माझं वर्ष झालं. तुझं वर्ष लागायच्या आदल्या आठवड्यात तू बॅग भरलीस. असो. विषय इंग्रजीचा आहे.

चांगलं इंग्रजी म्हणजे नम्र इंग्रजी. आणि नम्रता आपल्या घरात तुला फुकट मिळालेली आहे. मांजरीनं बाबांचा कप फोडला तेव्हाचं आठव. तू पळत आलीस, "बाबा, मांजरीनं कप फोडला!" बाबांनी तुला दाराबाहेर उभं केलं. कप फुटला म्हणून नाही. बातमी आधी सांगितलीस म्हणून. "आधी माफी, मग बातमी," म्हणाले. मग तू नाक ओढत म्हणालीस, "चुकलं बाबा, कप फुटला," तेव्हा आत घेतलं. ऑफिसात हेच चालतं, फक्त दार दिसत नाही.

सोबतच्या कागदावर वाक्यं लिहून देते. काहीही बिघडलेलं सापडलं की क्रमाने हीच घाल:

सॉरी फॉर द ट्रबल. इट इज माय मिस्टेक. (इथे काय बिघडलं ते.) प्लीज गाइड मी, व्हॉट शुड आय डू?

कागद टेबलावर चिकटव. शब्द इकडचा तिकडे करू नकोस.

बाबा ठीक आहेत. म्हणजे होते तसे.

ताई


१९ मार्च

चिंगे,

यावेळी आठ दिवसांत पत्र! गरज असली की टपालखातंसुद्धा किती चपळ होतं.

तुझी शंका वाचली. तू म्हणतेस, "ताई, मी तर तपासणारी. काच एक जण घासतो, पॉलिश दुसरा करतो. माझ्या हातात येते ती तयार काच. तडा मला नुसता सापडतो. मग माय मिस्टेक कसं लिहू?"

कप मांजरीनं फोडला होता. तरी माफी कोणी मागितली? आणि त्यामुळे कोणाला आत घेतलं, तुला की मांजरीला?

अगं, बाईंना का कळत नाही, तपासणारी कोण आणि घासणारा कोण? मोठ्या माणसांना सगळं माहीत असतं. त्या बघतात ते वळण. जिला दुसऱ्याची चूकही आपली म्हणता येते ती मुलगी घरंदाज. बाकी सगळे बोट दाखवणारे.

आता तुमच्या त्या घासणाऱ्याबद्दल. सगळे त्याला 'भिंग' म्हणतात हे वाचून मला हसू आलं. काचा घासणाऱ्याचाच चष्मा एवढा जाड! बाबांना सांगितलं असतं, पण मग तुझं पत्र आलंय हेही सांगावं लागलं असतं. तर हा भिंग तुला शिकवतो, "मॅडम, तीनच गोष्टी लिहा. काय झालं, काय करताय, कधी होईल. बस्स. बाकी रडगाणं घरी." आणि नमुना म्हणून स्वतःचा निरोप दाखवतो: ट्रे एकशे बारा, लेफ्ट लेन्स चिप्ड, मेकिंग न्यू, रेडी बाय फोर.

हा निरोप आहे की कुणी गेल्याची तार? ना सॉरी, ना प्लीज. स्वतःच ठरवून मोकळा, नवी करतोय म्हणे. विचारलं कोणाला? तू असं लिहायला लागलीस की बाई म्हणतील, आली नाही तोवर शहाणपणा करायला लागली. आणि मग तुझ्या जागी भिंगाची कुणी भाची-पुतणी येईल. फुकट शिकवणाऱ्या माणसाला नेहमी विचारावं, तुला यात काय मिळतं.

मला काय मिळतं असं तू विचारणार नाहीस, कारण मी बहीण आहे.

अजून एक नियम लिहून ठेव. कधी होईल ते लिहायचं नाही. वेळ दिली की माणूस बांधला जातो. त्याऐवजी "आय विल ट्राय माय बेस्ट." आणि विचारल्याशिवाय काही करायचं नाही. उत्तर येईपर्यंत ट्रे तसाच ठेवायचा. गिऱ्हाईक थांबेल. आम्ही नाही का थांबलोय.

बाबांनी काल तुझं नाव घेतलं. म्हणजे मला तुझ्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. सोपं पडतं.

ताई


१० एप्रिल

चिंगे,

बघ, मी म्हटलं नव्हतं?

मॅनेजर बाईंनी स्वतः उत्तर दिलं, आणि तेही सगळ्यांसमोर! "थँक यू फॉर ओनिंग धिस." तू विचारतेस याचा अर्थ काय, कारण भिंग ते वाचून चहा न पिता उठला. त्याला झोंबलं, दुसरं काय. अर्थ सरळ आहे. तू काम परक्याचं समजत नाहीस, आपलं मानून करतेस, हे बाईंच्या लक्षात आलं. शाबासकी आहे. एवढी वर्षं मी हीच वाक्यं लिहीत आले. कोणत्या वाक्याने पाठ थोपटतात आणि कोणत्या वाक्याने गळ्यात घंटा बांधतात, ते मला झोपेतही कळतं.

तेव्हा चालू दे. रोज दोन-तीन ट्रेमध्ये तडे, चरे, डाग सापडतात म्हणतेस. डोळा तुझा पहिल्यापासून तीक्ष्ण. लहानपणी तांदळातला खडा तुलाच दिसायचा, आणि निवडायला मात्र मला बसवायचे. जेवढं सापडेल तेवढं लिही. प्रत्येक ठिकाणी चारही वाक्यं, कंटाळा न करता.

फक्त एक कळलं नाही. "ताई, तुझ्यामुळे धीर आला, पक्की झाले की एक खोली बघेन, बाबांना चार दिवस हवापालटाला आण," असं लिहिलंयस. चार दिवस. हवापालट. बाबा म्हणजे काय उन्हात ठेवायची गादी आहे? त्यांना खुर्चीत बसवायला मला आणि नर्सिंग ब्युरोतून येणाऱ्या बाईला मिळून किती वेळ लागतो ते तू पाहिलेलं नाहीस. पाहिलं असतंस तर खोली बघेन असं लिहिलं नसतंस. किंवा लिहिलंही असतंस. तुझं काही सांगता येत नाही.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी लिहितेय. मध्ये उठावं लागलं.

कपाट आवरताना तुझा निळा कप सापडला, कानाला टवका गेलेला. ब्युरोतली बाई म्हणाली, "ताई, टाकू का हा?" म्हटलं, ठेव, मालकीण येणार आहे. ती म्हणाली, "कधी?" म्हटलं, मे महिना होऊ दे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. बोलायची पद्धत असते.

ताई


२ मे

चिंगे,

तुझं पत्र वाचून आधी पाणी प्यायले, मग पुन्हा वाचलं. एवढं आकांडतांडव करण्यासारखं त्यात काही दिसलं नाही.

भिंगाने तुला सॉफ्टवेअरमधलं ते दुसरं पान उघडून दाखवलं, जिथे प्रत्येक खराब ट्रेपुढे 'कारण' असा रकाना असतो. बाई दर शनिवारी निरोप वाचून तो भरतात. घासताना तडा गेला असेल तर घासणारा, पॉलिशमध्ये चरा पडला असेल तर पॉलिशवाला. आणि मार्चपासून वरून खालपर्यंत तुझंच नाव आहे. कारखान्यात फुटलेली प्रत्येक काच तू फोडलीस. तुझ्या आधीची तपासणारी तिथे इतकी वर्षं होती, चिठ्ठ्यांच्या काळात तिच्या नावावर एक काच लागली नाही. भिंगाच्या नावावरही नाही, खरं तर निम्म्या त्याच्याच हातच्या. "ताई, त्या यंत्राला काय कळतं! बाईंनी मी लिहिलेलंच खरं धरलं!" असं तू रडत लिहिलंयस. डाग पडलेत कागदावर.

आता तो भिंग म्हणतो, "मॅडम, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगत होतो. तुमचा तो कागद कोणी दिला, त्याला एकदा भेटायचंय मला." भेटायचंय म्हणे! सांग त्याला, बाबांचं भांडं द्यायची वेळ सोडून कधीही ये.

तुला बाईंना लिहायचंय की मी चुका शोधते, करत नाही, आणि ते मी चांगल्या इंग्रजीत लिहून द्यावं. नाही देणार. रागावू नकोस, तुझ्या भल्याचं सांगते. दोन महिने रोज सगळ्यांदेखत माझी चूक, माझी चूक म्हणायचं आणि पक्कं व्हायच्या तोंडावर म्हणायचं, छे, माझी नव्हतीच. मग तू दोन महिने खोटं बोलत होतीस का? बाई पहिलं हेच विचारतील. त्यापेक्षा एवढंच लिही: ॲज यू डिसाइड, मॅडम. आय ॲक्सेप्ट. यात एक डौल आहे. माणूस वाद घालत नाही, मान तुकवतो, आणि मग समोरच्यालाच लाज वाटते.

बाबांसमोर आपण कधी वाद घातला का? आणि बघ, दोघी मोठ्या झालोच ना.

बाकीचं माझ्यावर सोड. पाकिटावर तुमच्या कारखान्याचा पत्ता होताच. मॅनेजर बाईंना मी स्वतः एक छोटं पत्र पाठवलंय, त्यात घरची परिस्थिती थोडक्यात कळवली. काळजी करू नकोस. माझं इंग्रजी तुला माहीत आहे.

ताई


२७ मे

चिंगे,

बातमी कळली. वाईट वाटलं.

तुझ्या पत्रात यावेळी सहाच ओळी. ठेवलं नाही, महिनाअखेर शेवटचा दिवस, आणि माझं पत्र बाईंनी तुझ्या नावाखाली त्या सॉफ्टवेअरमध्ये लावलं, ते सगळ्यांनी वाचलं. पॉलिशवाल्याने मोठ्याने वाचून दाखवलं. तू तिथेच उभी होतीस.

लावायला नको होतं. कुणाचं खासगी पत्र असं चव्हाट्यावर मांडणं हे काही बरं वळण नाही. पण त्यात खोटं काय होतं ते मला दाखव. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत हे खोटं? धाकटीला मनातून घरी यायचंय पण बोलायची भीड वाटते, हे खोटं? तुला यायचंच होतं, फक्त तुझं तुला कळलं नव्हतं. काम जमत नाही म्हणून काढलं असं म्हणवून घेण्यापेक्षा वडिलांसाठी मोकळं केलं, हे किती शोभून दिसतं. मी तुझी लाज राखली. बाईंनी माझं पत्र वाचून 'वेल रिटन' म्हटल्याचं तूच लिहिलंयस.

तू विचारतेस, "पहिल्या दिवसापासून?" नुसतं एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही. अशा अर्धवट प्रश्नाला मी काय उत्तर देणार?

आता कामाचं. ब्युरोतल्या बाईला एक तारखेपासून नको म्हणून सांगितलंय. तिला दुसरीकडे काम मिळालंही, चांगल्या बायांना मागणी असते. मी जुन्या ऑफिसात विचारून आले. माझी खुर्ची गेली, पण कोपऱ्यात टेबल देतो म्हणतात. तिथेही नवं सॉफ्टवेअर आलंय. शिकेन. बाबांच्या खोलीतली पलंगाशेजारची गादी तुला घातलीय, हाक मारली की उठता येतं. औषधांच्या वेळा भिंतीवर लावल्यात. त्यांना उचलताना उजव्या खांद्याला धरायचं नाही, ओरडतात. कप घासून ठेवलाय.

दोन तारखेला स्टेशनवर येते. पहिल्या गाडीने ये. भिंगाने सोडायला यायची काही गरज नाही.

ताई


११ जून

चिंगे,

दोन तारखेला सगळ्या गाड्या बघितल्या. शेजारणीला बाबांपाशी बसवून गेले होते. तिने तेव्हापासून दार उघडणं बंद केलंय.

आज तुझा निरोप आला. पत्र नव्हे, फोनवर, ऑफिसात लिहितात तसा:

लेटर्स रिसीव्ह्ड. आय ॲम नॉट कमिंग. न्यू जॉब फ्रॉम मंडे. विल कॉल बाबा ऑन संडे.

काय झालं, काय करतेय, कधी होईल. शिकलीस म्हणायची. नवी नोकरी कुठे ते लिहिलं नाहीस, म्हणजे नव्या ऑफिसच्या पत्त्याचं पाकीटही येणार नाही यापुढे. हे पत्र मी जुन्या कारखान्याच्या पत्त्यावर टाकतेय, तिथल्या कुणी पुढे पाठवलं तर पाठवलं.

रविवारी फोन करशील तेव्हा एक लक्षात असू दे. फोन बाबांच्या उशाशी नसतो. माझ्याकडे असतो. उचलायचा की नाही ते मी त्या दिवशी बघेन.

तुझा निरोप कागदावर उतरवून घेतला आणि लाल पेन घेऊन बसले. सवय आहे. पूर्वी साहेबांची पत्रंसुद्धा माझ्या लाल पेनाखालून जायची. म्हटलं, कुठेतरी काहीतरी राहिलं असेल, तुझंच ते. एक शब्द जास्तीचा नाही. एक शब्द कमी नाही. कुठेही सॉरी नाही. दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. तुझ्या नावाने. तू येणार हे मी त्यांना सांगून बसले होते, म्हणजे आता येत नाही हेही मलाच सांगणं आलं. आत गेले. पलंगापाशी उभी राहिले, आणि नेहमीचा क्रम तोंडात आला. त्यांच्यासमोर उभं राहून दुसऱ्या कुठल्या क्रमाने बोलायला आपण शिकलोच कुठे?

म्हटलं, "चुकलं, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे, मी म्हणून, नीट बघितलं. तोंडाची डावी बाजू हलली. त्यांना बोलायला वेळ लागतो, मी थांबले.

"काय फुटलं?" म्हणाले.

पुढची बातमी माझ्या तोंडातून निघेना. म्हटलं, "कप."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. माफी आधी आली होती, त्यामुळे रागावले नाहीत.

मग स्वयंपाकघरात जाऊन तुझा निळा कप फोडला. मला खोटं बोलायची सवय नाही.

ताई